मोबदल्याचा रकाना

२ सप्टेंबर २०२५, मंगळवार

कॉर्क बंदरातलं रिंगास्किडी, कंपनीचं पार्किंग. डबा खाऊन झाला, बावीस मिनिटं हातात आहेत. घरी वही उघडली की उगाच लांबण लागते, म्हणून यंदा ती गाडीतच ठेवायची असं ठरवलंय.

आमच्या बास्केटबॉल क्लबचा अमेरिकन आला. टायरेल. वय चोवीस, उंची सहा फूट सात इंच, गाव ओहायोतलं टोलीडो. त्याला आणायला शॅननच्या विमानतळावर मीच गेलो, कारण बाकी सगळ्यांना कामं होती. मलाही होतं, पण मी सुट्टी टाकली. आमच्या हार्बर हॉक्समध्ये पगार घेऊन खेळणारा हा एकटाच, बाकीचे कोणी वायरमन, कोणी शाळामास्तर. श्रीमंत क्लबांनी सगळे चांगले खेळाडू उचलू नयेत म्हणून लीगने मर्यादा घातली आहे: परदेशी खेळाडूवर मोसमात पंधरा हजार युरोच्या वर खर्च करायचा नाही. पगार, विमान, राहणं, सगळं धरून पंधरा. ह्याला कॅप म्हणतात. बायकोला, रेवतीला, मी हे चार वेळा समजावलंय आणि चारही वेळा ती मध्येच उठून गेली आहे.

कॅप सांभाळणारा अधिकारी मी. माझी मुलगी स्वरांगी इथे चौदा वर्षांखालच्या संघात खेळायची तेव्हा मी नुसता तिची बॅग घेऊन बसायचो. ती गॉलवेला कॉलेजात गेली त्याला तीन वर्षं झाली, मी आपला अजून इथेच. क्लबची अध्यक्ष नोरीन, निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणते की इतका टापटिपीचा माणूस ती हातचा जाऊ देणार नाही.

तर मुद्दा असा की टायरेलसाठी डग्लस भागात घेतलेला फ्लॅट मालकाने ऐनवेळी विकायला काढला. कॉर्कमध्ये आता भाड्याने खोली मिळणं म्हणजे लग्नाला स्थळ मिळण्यापेक्षा कठीण. नोरीन म्हणाली, आठवडाभर बी अँड बीत ठेवू. मी म्हटलं, अहो बाई, माझ्या घरात चार खोल्या आहेत. स्वरांगी गॉलवेला, रेवती दोन वर्षांपासून डब्लिनला ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात डॉक्टर, महिन्यातून एकदा येते. पोराला बी अँड बीत टाकायचं आणि मी चार खोल्यांत पसरून झोपायचं? काही लाजलज्जा?

नोरीनने विचारलं, भाडं किती घेशील? मी हसलोच. पाहुण्याकडून भाडं!

११ सप्टेंबर, गुरुवार

टायरेलला वरणभात आवडला. तूप जास्त आवडलं. पहिल्या दिवशी त्याने स्वतःची ताटली धुवायला घेतली, मी हातातून काढून घेतली. म्हटलं, माझ्या घरात पाहुणा भांडी घासत नाही. तो "यस सर" म्हणाला. मी म्हटलं, सर नको, उपेंद्र म्हण. तर "ओके, मिस्टर उपेंद्र."

सरावाहून तो साडेआठला येतो. खिडकीतून कोपऱ्यावरचा बस स्टॉप दिसतो, त्यामुळे बस आली की मी लगेच पोळी टाकतो. आल्याबरोबर गरम पोळी पानात. रेवतीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तो जेवताना तू समोर बसतोस का?"

"मग? एकट्याने जेवायचं का त्याने?"

ती म्हणाली, पेशंट आलाय, ठेवते.

५ ऑक्टोबर, रविवार

आज मी एक डोकेबाज काम केलंय. क्लबाबाहेर कोणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

डब्लिनकडच्या एका क्लबाने टायरेलला हळूच विचारलं. आम्ही देतो आठवड्याला अडीचशे, ते साडेतीनशे म्हणाले. करार पक्का व्हायला अजून आठवडा आहे, तो जाऊ शकतो. प्रशिक्षक डोनलचं तोंड एवढंसं झालं. मी शांतपणे हिशोबाचा कागद उघडला. बत्तीस आठवडे अडीचशेप्रमाणे आठ हजार. विमान सहाशे. राहणं सहा हजार चारशे. बरोब्बर पंधरा हजार, कॅपला डोकं टेकलेलं. पण राहण्याचे सहा हजार चारशे खर्च कुठे होताहेत? तो तर माझ्याकडे आहे! मी तो रकाना शून्य केला आणि रक्कम पगारात ढकलली. आठवड्याला साडेचारशे. एकूण पुन्हा पंधरा हजारच. डोनलने मला मिठी मारली. आयरिश माणूस मिठी मारतो म्हणजे काय ते इथे राहणाऱ्याला विचारा.

टायरेलने सही केली. मी म्हटलं, आता मोसम संपेपर्यंत माझ्याकडेच. तो म्हणाला, "फॉर रिअल? होल सीझन?" इतका आनंद झाला त्याला की बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत बसला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. रेवतीला ड्युटी. स्वरांगीची परीक्षा. व्हिडिओवर दोघी दोन चौकोनांत दिसल्या. स्वरांगीने टायरेलला हाय केलं आणि मला म्हणाली, "डॅड, इज ही अलाउड आउट अ‍ॅट ऑल?" वा रे वा! मी काय त्याला बांधून ठेवलंय?

चिंचवडहून वहिनीने पाठवलेला फराळ तीन आठवडे पोस्टात फिरून आज आला. चकलीचा भुगा झालाय. टायरेलने तो चमच्याने खाल्ला आणि अजून मागितला. माझा चेहरा बघून मागितला असेल का, असं उगाच मनात येऊन गेलं. पण नाही, खरंच छान लागत होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

सहा सामने झाले, चार जिंकलो. काल टायरेलचे एकतीस गुण.

पोरगं हल्ली जेवत नाही. पोळ्या दोन, फार तर अडीच. आज त्याचं जॅकेट धुवायला टाकताना खिशात बर्गरचा कागद सापडला. म्हणजे सरावानंतर कडकडून भूक लागत असणार, घरी येईपर्यंत दम निघत नाही. उद्यापासून हॉलवरच डबा घेऊन जातो.

अजून एक गोष्ट. आईशी फोनवर बोलायला तो समोरच्या हिरवळीवर जाऊन कट्ट्यावर बसतो, भर पावसात. आत बस म्हटलं तर म्हणतो, आत रेंज नाही. ऐंशी युरोचं वायफायचं यंत्र आणून त्याच्या खोलीबाहेर लावलं. तरी सवयीने बाहेरच जातो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

टायरेलने विचारलं, डग्लसला खोलीचं भाडं साधारण किती असतं. सहज विचारतोय म्हणाला. मी मनात म्हटलं, अरे, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? त्याला धास्ती वाटतेय की मी त्याला काढीन. खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "नो वरी. धिस इयर, नेक्स्ट इयर, ॲज लाँग ॲज यू वॉन्ट."

मान खाली घालून थँक यू म्हणाला. हळवा आहे.

२८ डिसेंबर, रविवार

नाताळात टायरेल डोनलच्या घरी चार दिवस. मी डब्लिनला. ओंगारला पद्माकरकडे मराठी मंडळींचं जेवण होतं, रेवती तिथेच भेटली. तिच्या ब्युमॉन्टच्या जागी पहिल्यांदा जाणं झालं. नवा सोफा घेतलाय, मोठं जेवणाचं टेबल, कुंड्या. दोन वर्षांचा भाडेकरार पुन्हा केला म्हणाली. मी म्हटलं, तात्पुरत्या जागेत एवढा खर्च कशाला? तिने चहा टाकला. स्वरांगी तिथेच राहणार आहे जानेवारीपर्यंत.

निघताना रेवती दारात म्हणाली, "त्या मुलाला जरा मोकळं सोड, उपेंद्र. तुझं करणं ना, समोरच्याला 'भीक नको पण कुत्रा आवर' होतं."

कोणाचं काही करावं तर हे बोल. बेल्जियमच्या चॉकलेटचा डबा तिच्यासाठी नेला होता, तो परतीच्या वाटेवर मीच अर्धा संपवला.

१२ जानेवारी २०२६, सोमवार

अक्षर वाईट येतंय.

लीगचं पत्र. क्लबच्या अधिकाऱ्याच्या घरी खेळाडू फुकट राहतो म्हणजे ते राहणं खर्चातच धरायचं, बाजारभावाने. खोली आणि जेवण मिळून महिना आठशे. सप्टेंबर ते जानेवारी पाच महिने, चार हजार. आम्ही कॅपच्या वर चार हजार. शिक्षा: टायरेल खेळलेले सगळे विजय रद्द. नऊ विजय! आम्ही थेट तळाला, खालच्या श्रेणीत. प्रायोजक आधीच कुरकुरतोय, तो पळणार. टायरेलचा करार संपणार आणि ह्या वयात मोसमाच्या मध्यावर हाकललेल्या खेळाडूला दुसरं कोण घेणार?

नियम मला पाठ आहे. पाठ! सहावा परिच्छेद, 'क्लबने किंवा अधिकाऱ्याने दिलेली निवासव्यवस्था'. दरवर्षी नव्या कार्यकर्त्यांना मीच तो वाचून दाखवतो. आणि मला एकदाही वाटलं नाही की तो माझ्या घराबद्दल आहे. व्यवस्था हॉटेलात असते. घरी माणूस येतो, जेवतो, राहतो. त्याचा भाव कोण लावतं?

कोणीतरी चुगली केली आहे हे नक्की. डब्लिनवाल्यांचाच उद्योग. मी लीगला सणसणीत ईमेल टाकली: आरोप कशाच्या आधारावर? पुरावा दाखवा.

१५ जानेवारी, गुरुवार

नोरीन घरी आली. ओट्यावरचं कपाट उघडून स्वतःच कप काढले, म्हणाली, बस, आता मी चहा करते.

एक वाट आहे. लीगच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो: राहण्याच्या मोबदल्यात खेळाडूने यजमानाला काय दिले, त्याचे मूल्य किती. काही खेळाडू यजमानाची मुलं सांभाळतात, बागकाम करतात. ते मूल्य वजा होतं. नोरीन म्हणाली, "लिहून टाक की त्याने गवत कापलं, घर रंगवलं. मी सही करते. इट'ल बी ग्रँड."

माझा पारा चढला. "त्याने माझ्या घरात कपसुद्धा विसळलेला नाही! मी विसळू दिला नाही! आणि मी लिहू की पाहुण्याला गडी म्हणून राबवलं?"

"उपेंद्र," ती म्हणाली, "नऊ सामने आहेत. आणि ते पोर आहे."

"खोटं लिहिणार नाही."

तिने कप उचलून सिंकमध्ये ठेवला. मग म्हणाली, एकतीसपर्यंत मुदत आहे, विचार कर. जाताना दारात मला विचारलं, रेवती कशी आहे. मी म्हटलं, मजेत, पुढच्या महिन्यात येईल. "येईल हो," म्हणाली, आणि माझ्या दंडावर थोपटलं.

२० जानेवारी, मंगळवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुरावा आला.

डब्लिनवाले नाहीत. कोणीच नाही. लीग नोव्हेंबरात सगळ्या परदेशी खेळाडूंकडून खुशालीचा फॉर्म भरून घेते. टायरेलने भरलेला. त्यातलं त्याचं इंग्रजी मराठी करून लिहितो, म्हणजे जरा कमी लागेल.

कुठे राहता? 'क्लबचे अधिकारी मिस्टर उपेंद्र यांच्या घरी. ते भाडं घेत नाहीत.'

कसे आहे? 'जेवण चांगलं आहे. आयर्लंडमध्ये मला भेटलेला सगळ्यात दयाळू माणूस.'

दुसरीकडे राहण्याची इच्छा आहे का? 'हो. डग्लसला टीममधल्या मित्राकडे खोली आहे, भाडं मला परवडतं. पण आत्ता नाही. त्यांची बायको घर सोडून गेली आहे आणि मुलगी लांब असते. संध्याकाळी ते माझी खिडकीत वाट बघतात. मी गेलो तर ते अगदी एकटे पडतील. ख्रिसमसनंतर बघेन.'

बायको घर सोडून गेली आहे! नोकरीसाठी गेली आहे असं मी त्याला स्वच्छ सांगितलं होतं. एकदा नाही, दोनदा.

जेवणाची सुट्टी संपून दहा मिनिटं झाली आहेत. समोर धक्क्याला मोठी बोट लागली आहे आणि त्यातून ट्रकमागून ट्रक बाहेर पडताहेत. आत जावंसं वाटत नाही. मला खूप राग आला आहे. पाच महिने माझं मीठ खाऊन, आणि वर माझी कीव! मी तुझी कीव केली की तू माझी? बर्गर काय, कट्टा काय. आणि चकलीचा भुगा.

माझा राग त्याच्यावर नाही, मला माहीत आहे. फार लाज वाटते आहे.

२१ जानेवारी, बुधवार

काल तो आला तेव्हा मी खिडकीत उभा राहिलो नाही. आतल्या खोलीत बसलो. तो घाबरून हाका मारत आला, "मिस्टर उपेंद्र? यू ओके?" डोकं दुखतंय म्हटलं. त्याने मला पाणी आणून दिलं, शेजारी बसला आणि टोलीडोतल्या आजोबांच्या गोष्टी सांगितल्या. अर्धा तास. पूर्वीचा मी असतो तर वहीत लिहिलं असतं की पोराला माझ्याशी गप्पा मारायला किती आवडतं.

२५ जानेवारी, रविवार

फॉर्म भरला.

मोबदल्याच्या रकान्यात लिहिलं: 'सोबत. खेळाडूने यजमानाला पाच महिने रोज संध्याकाळी सोबत दिली.' इंग्रजीत लिहिलं, तीन वेळा खोडून.

मूल्य काढायला आधार लागतो. लीगला आधाराशिवाय काही चालत नाही, मलाही नाही. कॉर्कमध्ये एकट्या म्हाताऱ्यांजवळ बसायला माणसं पुरवणारी एक एजन्सी आहे, तिचा दर पाहिला. तासाला तीस युरो. त्या दराने रोजचे दोन तास धरले तर नऊ हजार होतात, म्हणजे राहण्याचे चार वजा जाऊन मीच टायरेलला पाच हजार देणं लागतो. हसू आलं, खरंच आलं. तितकं लिहायची गरज नव्हती. महिना आठशे लिहिलं, पाच महिने, चार हजार. राहणं वजा सोबत. आम्ही कॅपच्या आत.

ह्यात एक अक्षर खोटं नाही.

नोरीनच्या घरी सहीला गेलो. तिने चष्मा लावून वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. "हे लीगच्या बैठकीत सगळ्या क्लबांसमोर वाचतात, माहीत आहे ना तुला?"

म्हटलं, माहीत आहे.

"अरे देवा, उपेंद्र," अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणाली आणि सही केली.

२९ जानेवारी, गुरुवार

लीगच्या बैठकीत वाचलं. कोणी हसलं नाही असं नोरीन सांगते. एका क्लबाचा सेक्रेटरी, सत्तरीचा, म्हणे जागेवरून उठून बाहेर गेला आणि थोड्या वेळाने परत आला. मंजूर झालं. नऊ विजय शाबूत.

टायरेलला ह्यातलं काही सांगितलेलं नाही. त्याला एवढंच सांगितलं की एक फेब्रुवारीपासून अधिकाऱ्याच्या घरी राहता येणार नाही, नियम आहे, माझा नाइलाज आहे. चेहरा कडक ठेवला होता. तो म्हणाला, "बट यू, मॅन. यू'ल बी ओके?" मी म्हटलं, मला क्लबची कामं काय कमी आहेत? आणि तुझ्या उंचीच्या माणसाला ती खाट लहानच पडत होती.

तो इतका मोकळा हसला. पाच महिन्यांत असा हसलेला मी पाहिला नव्हता.

३१ जानेवारी, शनिवार

टायरेल गेला. सामान वीस मिनिटांत भरून झालं. डग्लसपर्यंत मी सोडलं. मित्राचं घर कसलं, उकिरडा, सोफ्यावर बूट, पिझ्झाची खोकी. तो दारातूनच ओरडत आत शिरला. मी डबा दिला, आत गेलो नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज वही घरी आणली आहे. गाडीत लिहिण्यासारखं नाही.

लीगचा शेवटचा कागद आला. प्रश्न पहिला: मोबदल्यातली सेवा पुढे चालू आहे काय? नसल्यास ती बंद झाल्याची तारीख लिहा. लिहिली, ३१ जानेवारी. प्रश्न दुसरा: खेळाडूने घर सोडल्याबद्दल घरात राहणाऱ्या दुसऱ्या प्रौढ व्यक्तीची सही.

मी रेवतीला फोन केला. म्हटलं, एक कागद पोस्टाने पाठवतो, सही करून परत पाठव. कसला कागद म्हणून विचारलं, तेव्हा सगळंच सांगितलं. बर्गरपासून बैठकीपर्यंत. तिने मध्ये एकदाही फोन ठेवला नाही. शेवटी रडत होती असं वाटलं. मग मी तो प्रश्न वाचून दाखवला.



"उपेंद्र," ती म्हणाली, अगदी हळू, पेशंटच्या नातेवाईकांशी बोलते तशी, "मी तिथे राहत नाही रे. सही कशी करू?"

मी म्हटलं, हो, बरोबर आहे. खोटं कशाला करायचं. जेवलीस का विचारलं. ती म्हणाली, जेवते आता. तू? मी म्हटलं, मीही.

सहीच्या जागी 'लागू नाही' असं लिहिलं, शेजारी आजची तारीख टाकली आणि पाकीट बंद केलं.